मुदत

बाविसाव्या दिवशी मी पुन्हा त्याच वॉर्डात,
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे भिंतीवर जिराफ रंगवलाय.
वर पंखा येतो
म्हणून चित्रकाराने त्याची मान जरा वाकवलीय.
मी सदतीस वर्षांची. खाट लहान मुलांची.
उंची चार फूट आठ, त्यामुळे खाट पुरते.
पुरते, हेच लागतं मनाला.

थॅलेसेमियाची मुलं मोठी होतील
हे वॉर्ड बांधताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.
दोष देत नाही. आमच्याही घरात आलं नव्हतं.
डॉक्टर आधी म्हणाले बारा, मग म्हणाले विशीपर्यंत बघू.
आईने मला कधी
वाढत्या मापाचा फ्रॉक घेतला नाही.

मावशी अजून खजूर पाठवते. बीट, गूळ, हळीव.
'खा गं, रक्त वाढतं.'
कुणाकुणाच्या रक्तातून आलेलं लोखंड
माझ्या काळजात साठतंय, अक्षरशः काळजात,
आणि ते काढायला मी रोज उपाशीपोटी
खडूच्या चवीची गोळी पाण्यात ढवळून पिते,
हे मावशीला कसं सांगणार.
खजूर रक्तपेढीच्या वॉचमनला देते.
तो आता ठणठणीत आहे.

खळदकर बाई गुरुवारी बसतात,
सलाईनच्या खोक्यांच्या खोलीत.
पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, मी ठीक आहे.
म्हणाल्या, बसा. ठीक असलेल्यांनाही खुर्ची आहे.

महिन्यातून एकदा तिथे आम्ही सगळे.
पिंपरी कॅम्पातला हरेश, ज्याने
चार महिने गोळ्याच घेतल्या नाहीत,
आणि हे घरी नाही, इथे सांगितलं.
नंदुरबारची सुमित्रा पाडवी, सिकलसेलवाली,
अभ्यासिकेच्या खुर्चीवर कळ आली की
ओठ चावून राज्यघटनेची कलमं मोजते.
तिला कुणी म्हटलं नाही, 'धीर धर.'
हरेशला कुणी रागावलं नाही.
तो म्हणाला, 'अरे, कोणीतरी ओरडा ना.'
मग आम्ही इतके हसलो
की सिस्टर दार उघडून बघून गेल्या.

बाईंनी एकदा मला विचारलं,
पुढच्या पुढच्या दिवाळीत काय करायचंय?
मला एकवीस दिवसांपलीकडे मोजता येत नाही, म्हटलं.
खरंच येत नाही. दिनदर्शिकेवर लाल गोल,
आणि दोन गोलांच्या मधे जे मावेल ते आयुष्य.

तर मी नारायण पेठेतल्या पतसंस्थेत गेले.
महिना हजार रुपये, आवर्त ठेव.
'मुदत?' कारकुनाने मान वर न करता विचारलं.
पाच वर्षं, म्हटलं, आणि मागे वळून पाहिलं,
कुणी ऐकलं तर नाही ना, चोरी केल्यासारखं.
'नॉमिनी?'

आईचं नाव लिहिलं.
मालती दत्तात्रय भागवत, नाते आई, वय एकोणसत्तर.
वय लिहिताना पेन थांबलं.
पाच वर्षांनी चौऱ्याहत्तर.
तिची साखर. तिचा गुडघा. जिन्यात ती
आताशा प्रत्येक पायरीला थांबते
आणि सांगते की माझ्यासाठी थांबलेय.

सदतीस वर्षं सगळ्यांनी
तिला माझ्या जाण्याची तयारी करून दिली.
मला तिच्या जाण्याची
कुणी एक ओळसुद्धा शिकवली नाही.

'लवकर करा, मागे लाईन आहे,' कारकून म्हणाला.
मी म्हटलं, थांबा हो जरा.
आवाज माझाच होता, पण मोठ्या बाईचा वाटला.

फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवलाय.
नॉमिनीची ओळ अर्धी खोडलेली.
गुरुवारी बाईंना दाखवणार आहे.
आज मंगळवार, दुसरी पिशवी चढतेय,
कुणा अनोळखी माणसाची, थंडगार,
दंडापर्यंत गारठा.
शेजारच्या खाटेवर चार वर्षांची पोर
जिराफाकडे बोट दाखवून विचारते,
'तो वाकून काय बघतोय?'

आपण किती वाढलो ते, म्हटलं.
तिने स्वतःचे पाय पाहिले. मग माझे.